अंडं, दूध आणि आईची व्याख्या

शाकाहारी म्हणजे नेमकं कोण? हा वाद आजचा वाटतो, पण 1888 मध्ये लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींपुढेही तो होता. मांस खाणार नाही, अशी शपथ त्यांनी आईला दिली होती. तिथल्या शाकाहारी मंडळींकडे मात्र मांसाच्या तीन व्याख्या होत्या. पहिलीत फक्त पशुपक्ष्यांचं मांस वर्ज्य. मासे, अंडी चालत. दुसरीत मासेही वर्ज्य, अंडी चालत. तिसरीत अंडी आणि दूधही गेलं. एका सुधारकाच्या बोलण्यात येऊन गांधींनी थोडे दिवस अंडी खाल्ली, मग थांबले. शपथ आईला दिली होती, तेव्हा व्याख्याही आईचीच. मला हा युक्तिवाद फार आवडतो.

गाईंवर होणाऱ्या क्रूर प्रकारांबद्दल वाचून 1912 मध्ये त्यांनी दूधही सोडलं. पुढे 1918 मध्ये आमांशानं ते अंथरुणाला खिळले. डॉक्टर दलाल दुधावर अडून बसले. कस्तुरबा म्हणाल्या, शेळीचं दूध घ्यायला काय हरकत? शपथ घेताना मनात गाय-म्हैसच होती ना! गांधींनी ते घेतलं. शब्द पाळला, आशय मोडला, ही बोच त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे.

लंडनमधली ती तिसरी व्याख्या 1944 मध्ये इंग्लंडमध्येच ‘वेगन’ झाली. आपल्या पाकिटांवर मात्र दुधाला हिरवी खूण मिळते, अंड्याला नाही. वेगनसाठी वेगळे नियम आले ते 2022 मध्ये.