जहाजाला अटक आणि आपली टोपली



पावसाळा तोंडावर आला की आपल्या किनाऱ्यावर काळे गोळे यायला लागतात. कोकणातल्या पुळणीवर येतात, गोव्याच्या किनाऱ्यावर येतात. पायाला चिकटले तर खोबरेल तेल लावून घासावं लागतं, आणि जाळ्याला लागले तर बसून एकेक फास साफ करावा लागतो. आपण त्याला डांबर म्हणतो. बहुतेक वेळा ते जहाजातून समुद्रात गेलेलं तेल असतं. लाटांनी घुसळून, उन्हावाऱ्याने घट्ट होऊन ते गोळ्याच्या रूपात किनाऱ्याला लागतं.

आमच्या गटात दरवर्षी एक प्रश्न निघतो. हे तेल कुणाचं, आणि नुकसान झालं तर पैसे कुणाकडे मागायचे? गोळ्यावर तर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. पण हे नाव शोधून काढणं, त्या मालकाला कोर्टात उभं करणं आणि किनाऱ्याच्या वतीने भरपाई मागणं हे काम करणारी माणसं आहेत. ते सरकारचे वकील. समुद्र आणि पर्यावरण हाच ज्यांचा विषय, असे. त्यांचं काम कसं सुरू झालं आणि त्यात आपली जागा कुठे, ते आज पाहू.

आधी एक जुनी गोष्ट. जहाजाचा मालक एका देशात, कप्तान दुसऱ्या देशातला, झेंडा तिसऱ्याच देशाचा. मग दावा कुणावर लावायचा? जुन्या दर्यावर्दी कायद्याने यावर सोपा तोडगा काढला होता. जहाजालाच आरोपी धरायचं आणि त्यालाच अटक करायची. कोर्टाचा हुकूम जहाजावर नेऊन चिकटवायचा. मालक पैसे भरत नाही किंवा हमी देत नाही, तोवर जहाज बंदरातून हलायचं नाही. आपल्याकडे १८९० च्या ब्रिटिश कायद्याखाली मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या उच्च न्यायालयांना हा अधिकार होता. पण त्या काळात भांडणं असायची ती मालाची, भाड्याची, नाही तर जहाजांच्या टकरीची. पाण्याचं आणि माशांचं नुकसान कुणी मांडतच नव्हतं.

ते मांडायची वेळ आली १९६७ साली, इंग्लंडमध्ये. टोरी कॅनियन नावाचं मोठं तेलवाहू जहाज १८ मार्चला कॉर्नवॉल आणि सिली बेटांच्या मधल्या खडकांवर चढलं. भरतीची वेळ गाठायची म्हणून कप्तानाने जवळची वाट धरली होती. जहाजात सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चं तेल होतं. एवढी मोठी तेलगळती जगाने तोवर पाहिली नव्हती. सरकारने विमानं पाठवून जहाजावर बॉम्ब टाकले, तेल जाळायचा प्रयत्न केला. किनाऱ्यावर साबणासारखी रसायनं ओतली, आणि त्या रसायनांनी शिंपल्या-खेकड्यांचं आणखी नुकसान केलं. तेल वाहत वाहत पलीकडे फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यालाही लागलं.

आता खर्च कोण देणार? जहाजाची मालकी बर्म्युडातल्या एका कंपनीकडे, झेंडा लायबेरियाचा, भाड्याने घेणारी कंपनी अमेरिकन, तेल ब्रिटिश कंपनीसाठी निघालेलं आणि कप्तान इटालियन. त्यात अमेरिकेच्या कायद्यात एक पळवाट होती. अपघातानंतर जहाजाचं जे काही शिल्लक राहील, तेवढ्याच किमतीपर्यंत मालकाची जबाबदारी. टोरी कॅनियनची शिल्लक काय, तर एक जीवरक्षक होडी. किंमत ५० डॉलर.

सरकारी वकिलांनी तेव्हा तो जुना कायदा आठवला. बुडालेल्या जहाजाला अटक करता येत नाही, पण त्याच मालकाचं दुसरं जहाज असेल तर? तसं एक जहाज होतं, लेक पॅलूर्ड. चार महिन्यांनी, जुलैमध्ये, ते सिंगापूरला थोडा वेळ थांबलं. ब्रिटिश सरकारच्या वतीने एक तरुण वकील जहाजावर चढला. हा दारू विकणारा माणूस असावा, असं समजून खलाशांनी त्याला वर घेतलं म्हणतात. त्याने हुकूम डोलकाठीला लावला आणि जहाज अडकलं. फ्रान्सची माणसंही मागावर होती, पण त्यांना उशीर झाला. त्यांनी तेच जहाज पुढच्या वर्षी रॉटरडॅमच्या बंदरात गाठलं. शेवटी १९६९ मध्ये तडजोड झाली आणि मालकांनी दोन्ही सरकारांना मिळून ३० लाख पौंड दिले. कुठे ५० डॉलर आणि कुठे ३० लाख पौंड!

त्याच वर्षी ब्रसेल्सला देशोदेशींचे सरकारी वकील जमले आणि त्यांनी एक करार लिहिला. त्यातल्या दोन गोष्टी आपण लक्षात ठेवू. एक, तेलवाहू जहाजातून तेल सांडलं तर चूक कुणाची हे सिद्ध करत बसायची गरज नाही. तेल ज्याच्या जहाजातलं, भरपाई त्याने द्यायची. युद्धासारखे मोजके अपवाद सोडून. दोन, मोठ्या तेलवाहू जहाजांना विमा काढणं सक्तीचं. १९७१ मध्ये आणखी एक करार होऊन आंतरराष्ट्रीय निधी उभा राहिला. मालकाचे पैसे कमी पडले तर त्या निधीतून मिळावेत, आणि निधीत भर घालावी ती समुद्रमार्गे तेल घेणाऱ्या कंपन्यांनी. पुढे भारतही या व्यवस्थेत आला.

करार झाला म्हणून भांडण संपलं नाही. १९७८ च्या मार्चमध्ये आमोको काडिझ हे तेलवाहू जहाज ब्रिटनीच्या पोर्टसाल गावासमोर फुटलं आणि २ लाख २० हजार टनांहून जास्त तेल सांडलं. कराराने ठरवलेली भरपाईची मर्यादा अपुरी होती. म्हणून फ्रान्स सरकारने थेट अमेरिकेत शिकागोच्या कोर्टात तेल कंपनीवर दावा लावला. तिथल्या किनाऱ्यावरच्या गावांनी सगळं सरकारवर सोपवलं नाही. ती एकत्र आली आणि त्यांनी आपले वेगळे वकील उभे केले. निकाल गावांच्या बाजूने लागला, पण अपिलांसकट प्रकरण मिटायला १९९२ साल उजाडलं. चौदा वर्षं लागली. ज्या गावांनी खर्चाचे आणि नुकसानीचे कागद जपून ठेवले होते, त्यांना तेवढाच आधार होता.

आता आपल्या दारात येऊ. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कललं, त्यावरचे कंटेनर पाण्यात पडले आणि शेकडो टन तेल सांडलं. त्या साली नारळी पुनव २४ ऑगस्टला होती. म्हणजे होड्या रंगवून, जाळी विणून, नारळ सोडायची तयारी चालली होती आणि त्याच वेळी तेल आलं. लोकांनी मासे घेणं टाळलं. ज्या बाया पहाटे बंदरावरून उधारीवर माल उचलतात आणि संध्याकाळी पैसे फेडतात, त्यांची टोपली भरलेली तशीच घरी आली.

पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ ला, पुनवेच्या नऊ दिवस आधी, एमव्ही राक हे जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडालं. इंडोनेशियाहून गुजरातेत दहेजला ६० हजार टनांहून जास्त कोळसा चालला होता. जहाजाच्या टाक्यांत इंधनाचं तेल होतं, ते सांडलं.

इथे कायद्यातली फट दिसते. ब्रसेल्सचा करार आणि तो निधी तेलवाहू जहाजांसाठी. कोळशाच्या किंवा कंटेनरच्या जहाजाचं इंधन सांडलं तर त्यांचा उपयोग नाही. राकच्या बाबतीत एक नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेला. मैत्रिणींनो, त्या प्रकरणात केंद्र सरकार स्वतःच प्रतिवादी होतं. म्हणजे सरकारच्या वकिलाला एकीकडे समुद्राची बाजू सांभाळायची आणि दुसरीकडे आपल्या खात्यांनी काय केलं याचं उत्तरही द्यायचं. या कामातली ही खरी ओढाताण. प्रश्न असाही होता, की आपला प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांचा आणि जहाज त्याच्या बाहेर बुडालेलं, मग आपला कायदा तिथे चालतो का? न्यायाधिकरणाने चालतो म्हटलं. ऑगस्ट २०१६ मध्ये, जो घाण करील त्याने भरावं या तत्त्वावर, जहाजाच्या मालकाला १०० कोटी आणि कोळशाच्या मालकाला ५ कोटी रुपये भरायला सांगितले.

२०१७ मध्ये आपल्या संसदेने ब्रिटिशांचे ते जुने कायदे काढून नवा कायदा केला. कोणत्या कारणांसाठी जहाज अडकवता येतं, त्या यादीत आता पर्यावरणाचं आणि किनाऱ्याचं नुकसान स्पष्ट लिहिलेलं आहे. केरळ, कर्नाटक, गुजरात यांच्या उच्च न्यायालयांनाही तो अधिकार मिळाला. त्याचा उपयोग लवकरच झाला. मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा ३ केरळच्या किनाऱ्यासमोर बुडालं आणि प्लास्टिकचे बारीक दाणे पुळणीवर पसरले. केरळ सरकारच्या वकिलांनी तीच सिंगापूरची वाट धरली. जहाज बुडालेलं, पण त्याच समूहाचं दुसरं जहाज विळिंजम बंदरात उभं होतं. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने त्याला अटकेचा हुकूम दिला. दावा ९,५३१ कोटींचा होता आणि त्यात मच्छीमारांच्या नुकसानीपोटी सुमारे ५२६ कोटी मागितले होते.

हा आकडा वाचून आमच्यात बराच वेळ चर्चा झाली. मच्छीमारांचं नुकसान म्हणताना कोण मोजलं जातं? होडीचा परवाना बहुतेक घरात पुरुषाच्या नावाने. खलाशाचं नाव निदान होडीमालकाच्या वहीत असतं. टोपली घेऊन दारोदार फिरणारीचं, बोंबील सुकवणारीचं, जवळा निवडणारीचं नाव कुठे आहे? वकील कितीही हुशार असला तरी कोर्टात तो कागदच दाखवणार. आपण कागदात नसलो तर त्याच्या मागणीतही नसणार. खरं तर त्या आंतरराष्ट्रीय निधीच्या नियमांत मासे विकणारे आणि सुकवणारेही भरपाई मागू शकतात. पण रोजची कमाई किती होती आणि किती बुडाली, हे त्यांना दाखवावं लागतं.

म्हणून आम्ही गटात एक ठरवलं आहे. शंभर पानी वही घ्यायची. रोज तारीख, कुठून माल घेतला, किती पाट्या, काय भावाने घेतला आणि काय भावाने गेला, एवढं एका ओळीत लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिची ओळ लेकीने किंवा नातीने लिहायची. मच्छीमार सोसायटीत स्वतःच्या नावाने सभासद व्हायचं. किनाऱ्याला तेल दिसलं तर मोबाइलवर तारखेसकट फोटो काढायचा, आणि पंचनाम्याला सरकारी माणूस आला की त्याला वही दाखवून आपलं नाव लिहून घ्यायला लावायचं. आमच्यातल्या अकराजणींनी वही सुरू केली आहे. दोघींनी मध्येच सोडली होती, त्यांनीही परत धरली.

या पुनवेला दर्याला नारळ सोडाल तेव्हा तुमच्याही वहीचं पहिलं पान भरलेलं असू द्या. पुढच्या भागात आपण सोसायटीचं सभासदत्व कसं घ्यायचं ते बोलू.