डोक्याला मार लागलेल्या मुलाने पुन्हा मैदानात कधी उतरायचं? कन्कशनचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

"सीटी स्कॅन नॉर्मल आहे ना डॉक्टर? मग परवाची मॅच खेळू दे की त्याला."

शालेय स्पर्धांचा मोसम सुरू झाला की हे वाक्य माझ्या दवाखान्यात हमखास ऐकू येतं. कबड्डीत पकड करताना समोरच्याचा गुडघा कानशिलावर बसलेला असतो किंवा फुटबॉलमध्ये दोघांची डोकी एकमेकांवर आपटलेली असतात. मूल मिनिटभर भांबावतं, कोणीतरी तोंडावर पाणी मारतं, ते उठून उभं राहतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. पुढे डोकं दुखतं म्हणून स्कॅन होतो. त्यात रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही, म्हणजे "काही झालेलं नाही" असा निष्कर्ष आपण काढून मोकळे होतो.

या समजुतीचा इतिहास आज तुम्हाला सांगायचा आहे. ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. ती मोडायला शंभर वर्षं लागली आणि त्यासाठी काही मुलांना फार मोठी किंमत मोजावी लागली.

आधी कन्कशन म्हणजे काय ते पाहू. आपला मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो आणि हाताला खरवसाइतका मऊ लागतो. खरवसाचा डबा टेबलावर आपटा, खरवस थोडा हलेल. तोच डबा झटक्यात गर्रकन फिरवा, आतला खरवस पिळवटून निघेल. डोक्याला मार लागताना मान झटक्याने वळते तेव्हा मेंदूचं असंच होतं. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे होलबर्न नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी जिलेटिनचा मेंदू बनवून हेच दाखवलं आणि १९४३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं. (खरवसाची उपमा माझी, त्यांनी कधी खाल्ला असेल असं वाटत नाही.) या पिळवटण्याने मज्जातंतू ताणले जातात. पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं, कॅल्शियम आत शिरतं आणि ही घडी पुन्हा बसवायला मेंदूला खूप ऊर्जा लागते. नेमका तेव्हाच त्याचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. फुटलेलं, मोडलेलं असं काहीच नसतं, बिघडलेलं असतं ते कामकाज. सीटी स्कॅन हा मेंदूचा फोटो आहे, फोटोत कामकाज दिसत नाही.

कवटी न फुटताही मेंदूचं काम काही काळ बंद पडू शकतं, हे दहाव्या शतकातल्या अल-राझी या पर्शियन वैद्याने लिहून ठेवलं होतं. म्हणजे ज्ञान जुनंच आहे. ते मैदानापर्यंत पोहोचलं नाही, ही खरी गोष्ट.

आता १९०५ सालच्या अमेरिकेत चला. तिथला फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नाही. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचं, असा तो खेळ. त्या काळी खेळाडू एकमेकांना धरून भिंतीसारखे धावत आणि समोरच्या भिंतीवर आदळत. डोक्यावर असलंच तर चामड्याचं टोपडं. त्या एका हंगामात किमान १८ जण मेले आणि त्यातले बरेच शाळकरी वयाचे होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा मुलगा त्याच वर्षी हार्वर्डच्या नवख्यांच्या संघात खेळत होता. ऑक्टोबरमध्ये त्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकायची मुभा मिळाली आणि भिंतीसारख्या धडका कमी झाल्या.

रूझवेल्टची गोष्ट बऱ्याच पुस्तकांत सापडते. मला तिच्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो त्याच हंगामात दोन डॉक्टरांनी केलेला उद्योग. एडवर्ड निकोल्स आणि होमर स्मिथ हे हार्वर्डच्या संघाबरोबर होते. त्यांनी प्रत्येक दुखापतीची नोंद ठेवली आणि जानेवारी १९०६ मध्ये ती बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापली. एकूण दुखापती १४५, त्यातली कन्कशन्स १९. एकही कन्कशन झालं नाही असे सामने संपूर्ण हंगामात फक्त दोन. आकड्यांपेक्षाही त्यांची निरीक्षणं वाचण्यासारखी आहेत. खेळाडू कन्कशनला किरकोळ मानतात, त्याची चेष्टा करतात, असं ते लिहितात. डोक्याला मार लागलेला खेळाडू सवयीने धावत राहतो, डावामागून डाव खेळतो आणि तो भानावर नाही हे त्याच्या सोबत्यांच्या बऱ्याच वेळाने लक्षात येतं, असंही त्यांनी नोंदवलंय.

हे वाक्य प्रत्येक पालकाने आणि क्रीडाशिक्षकाने लक्षात ठेवावं असं मला वाटतं. मूल उठलं, धावलं, चढाईला गेलं, म्हणजे ते ठीक आहे असं नाही. पाय सवयीने चालतात. आणि "बरा आहेस ना?" हा प्रश्न आपण विचारतो त्याच मेंदूला, ज्याला नुकताच मार लागलेला आहे.

पुढची साक्ष आली मुष्टियुद्धातून. न्यू जर्सीतल्या नेवार्कचे पॅथॉलॉजिस्ट हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्ये जुन्या बॉक्सरांबद्दल लेख लिहिला. दारू न पिताही झोकांड्या देत चालणारे, बोलताना अडखळणारे, विसरभोळे झालेले हे बॉक्सर. प्रेक्षक त्यांच्यावर हसत. हा विनोदाचा विषय नसून मेंदूचा आजार आहे, असं मार्टलंड यांनी ठामपणे मांडलं. घड्याळांच्या तबकड्यांना रेडियम लावणाऱ्या मुलींचा आजार उजेडात आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे गृहस्थ. धंद्यामुळे होणारे रोग त्यांना बरोबर दिसत.

आणि मग १९३३. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेने, म्हणजे एनसीएएने, एक वैद्यकीय पुस्तिका काढली. कन्कशन झालेल्या खेळाडूला विश्रांती द्या, त्याच्यावर लक्ष ठेवा, ४८ तास कसलाही त्रास नसेल तरच खेळू द्या आणि त्रास त्याहून जास्त टिकला तर २१ दिवस किंवा अधिक काळ मैदानावर आणू नका, असं त्यात छापलेलं होतं. हा २१ चा आकडा लक्षात असू द्या, तो पुन्हा येणार आहे.

मग हे झालं का? नाही. पुढची कित्येक दशकं प्रशिक्षक बोटं दाखवून "किती दिसतात?" विचारत आणि नाकाखाली उग्र वासाचं अमोनिया धरत. आपल्याकडे कांदा हुंगवतात, तोच प्रकार. पुस्तिका बरोबर होती, पण ती अमलात कोणी आणायची हे ठरलेलं नव्हतं. प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो, खेळाडूला संघातली जागा टिकवायची असते, आणि पालक लांब प्रेक्षकांत असतात.

डॉक्टरांनीही गोंधळात भर घातली, हे मान्य करायला हवं. १९८० आणि ९० च्या दशकांत कन्कशनला 'ग्रेड' देण्याच्या पद्धती निघाल्या. शुद्ध हरपली का, किती वेळ हरपली, यावर ग्रेड ठरायची. १९९७ च्या अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीच्या सल्ल्यानुसार सौम्य प्रकारात १५ मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तर खेळाडू त्याच सामन्यात परतू शकत असे. आता आपल्याला माहीत आहे की बहुतेक कन्कशन्समध्ये शुद्ध हरपतच नाही, आणि डोकेदुखी, मळमळ, चिडचिड ही लक्षणं कधी कधी काही तासांनी, दुसऱ्या दिवशीसुद्धा सुरू होतात. पंधरा मिनिटांत त्याचा अंदाज कसा येणार?

याच काळात एक भयानक गोष्ट लक्षात येत होती. पहिल्या माराने हादरलेला मेंदू सावरायच्या आत दुसरा मार लागला, अगदी हलकासुद्धा, तर क्वचित काही खेळाडूंमध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं नियंत्रण सुटतं आणि काही मिनिटांत मेंदू सुजतो. १९८४ मध्ये याला 'सेकंड इम्पॅक्ट सिंड्रोम' हे नाव मिळालं. आकड्यांनी पाहिलं तर हा प्रकार दुर्मीळ, आणि नेमकं त्यात काय घडतं यावर तज्ज्ञांत आजही वाद आहेत. पण नोंदलेले बहुतेक रुग्ण पौगंडावस्थेतले आणि विशीतले आहेत.

ऑक्टोबर २००६. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला झॅकरी लिस्टेड, वय १३, शाळेच्या संघातून फुटबॉल खेळत होता. मध्यंतराच्या थोडं आधी त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. तो डोकं धरून पडला, थोडा वेळ बाहेर बसला आणि मध्यंतरानंतर पुन्हा खेळायला उतरला. सामना संपल्यावर तो मैदानावरच कोसळला. हेलिकॉप्टरने त्याला सिएटलला नेलं आणि मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी कवटीची दोन्ही बाजूंची हाडं काढावी लागली. तो वाचला. पहिला शब्द उच्चारायला त्याला नऊ महिने लागले, हात किंवा पाय हलवायला तेरा. वीस महिने तो नळीवाटे जेवत होता. आधाराने उभं राहायला जवळपास तीन वर्षं गेली.

त्याच्या आईवडिलांनी, वकिलाने आणि डॉक्टरांनी मिळून राज्याकडून एक कायदा करून घेतला. मे २००९ मध्ये त्यावर सही झाली. त्यातल्या तीन गोष्टी अगदी साध्या आहेत. दर वर्षी हंगामापूर्वी खेळाडूने आणि पालकांनी कन्कशनची माहिती वाचून सही करायची. कन्कशनचा नुसता संशय आला तरी मुलाला लगेच बाहेर काढायचं. आणि या विषयाचं प्रशिक्षण असलेल्या वैद्यकीय व्यक्तीने लेखी परवानगी दिल्याशिवाय त्याला परत घ्यायचं नाही. यात नवं वैद्यकीय ज्ञान काहीही नाही. नवी गोष्ट एकच, की निर्णय मूल, प्रशिक्षक आणि चुरशीचा सामना या तिघांच्या हातून काढून घेतला. २०१४ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या, म्हणजे पन्नासही राज्यांत असे कायदे झाले.

इतरत्रही हेच घडलं आणि तेही मुलं गेल्यावरच. उत्तर आयर्लंडमध्ये जानेवारी २०११ मध्ये बेन रॉबिन्सन हा १४ वर्षांचा मुलगा शाळेच्या रग्बी सामन्यात एकापाठोपाठ लागलेल्या मारांनंतर गेला. कॅनडात २०१३ मध्ये रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची रग्बी खेळाडू गेली, तिच्या नावाचा कायदा ओंटारिओत २०१८ मध्ये झाला. ब्रिटनमध्ये २०२३ साली हौशी आणि शालेय खेळांसाठी सूचना निघाल्या. त्यांत सामन्यात परतण्याची लवकरात लवकरची मुदत आहे २१ दिवस. १९३३ च्या पुस्तिकेतला आकडा नव्वद वर्षांनी असा परत आला.

मधल्या काळात तुम्ही 'कन्कशन' हा विल स्मिथचा सिनेमा पाहिला असेल. त्यातली माइक वेबस्टर आणि डॉ. बेनेट ओमालू यांची गोष्ट खरी आहे. वेबस्टर २००२ मध्ये पन्नाशीतच वारला आणि त्याच्या मेंदूत मार्टलंडच्या बॉक्सरांशी नातं सांगणारा आजार सापडला. तो आजार वर्षानुवर्षं डोक्यावर बसलेल्या असंख्य मारांशी निगडित आहे. तुमच्या मुलाला एकदा कन्कशन झालं म्हणून तसं होईल, ही भीती डोक्यातून काढून टाका.

क्रिकेटने ऑगस्ट २०१९ मध्ये कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेण्याची सोय केली. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराच्या टी-ट्वेंटीत जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला, त्याच्या जागी चहल आला आणि तीन बळी घेऊन सामनावीर ठरला. त्यावर किती वाद झाला आठवतोय? सगळी चर्चा "हे न्याय्य आहे का" यावर, जडेजाचं डोकं कसं आहे हे फार थोड्यांनी विचारलं. हेल्मेटबद्दलही सांगून ठेवतो. हेल्मेट कवटी वाचवतं, म्हणून ते घालायलाच हवं. पण आतला खरवस फिरायचा थांबत नाही.

आता तुमच्या कामाचं. मी पाहिलेल्या बहुतेक शालेय सामन्यांत मैदानाच्या कडेला डॉक्टर नव्हता, म्हणून हा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागणार आहे. डोक्याला मार लागून मूल भांबावलं, तेच ते विचारू लागलं, चक्कर आली, तोल गेला किंवा "डोकं जड झालंय" म्हणालं, तर त्या दिवशी खेळ बंद. सामना अंतिम फेरीचा असला तरी. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, एक बाहुली मोठी दिसणं, हातापायात कमजोरी, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, हलवूनही नीट जागं न होणं किंवा मानेत दुखणं, यातलं काहीही असेल तर घरी नेऊ नका. १०८ ला फोन करा किंवा स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा. मान दुखत असेल तर त्याला स्वतः उचलू नका.

स्कॅन नॉर्मल असेल तर पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल अगदी कमी. रात्री झोपू द्यायला हरकत नाही, पहिल्या रात्री कोणीतरी जवळ असावं. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवायचा जुना सल्ला आता दिला जात नाही, दोन दिवसांनी हलकं चालणं उलट फायद्याचं ठरतं. आधी शाळा सुरळीत होऊ द्या, मग पळणं, मग साधा सराव, अगदी शेवटी धक्काबुक्कीचा खेळ. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे. बहुतेक मुलं चार आठवड्यांत पूर्ण बरी होतात.

तपासायला याल तेव्हा मार किती वाजता लागला, तो कोणी पाहिला, त्यानंतर मूल किती वेळ खेळत राहिलं आणि यापूर्वी कधी असा मार लागला होता का, हे एका कागदावर लिहून आणा. जमलं तर ज्याने प्रत्यक्ष पाहिलं त्या मित्राला किंवा सरांनाही सोबत घेऊन या, कारण मुलाला स्वतःला यातलं बरंच काही आठवत नसतं.