पहिल्या जॅझ तबकडीचा कर्ता

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते, अभंगाच्या अखेरीस संताची नाममुद्रा असते. चालीच्या अंगावर मात्र तिच्या जनकाची खूण क्वचितच आढळते. म्हणूनच एखाद्या लोकप्रिय चालीचा मूळ कर्ता शोधू पाहणाऱ्यास पुष्कळदा मैफल सोडून न्यायालयाची पायरी चढावी लागते. जॅझसंगीताची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून जी सर्वत्र ओळखली जाते, तिची कथा नेमकी अशीच आहे.

२६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्क येथे व्हिक्टर कंपनीने 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड' या पाच गोऱ्या वादकांच्या संचाचे वादन मुद्रित केले. त्या काळी ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन वापरीत नसत. मोठ्या कर्ण्यासमोर वादकांना ज्याच्या त्याच्या वाद्याच्या आवाजाप्रमाणे जवळ-दूर उभे करीत आणि त्या नादाने हलणारी सुई मेणाच्या चकतीवर रेघ कोरीत असे. तबकडीच्या एका बाजूस 'लिव्हरी स्टेबल ब्लूज' ही चाल होती. नावाचा अर्थ भाड्याच्या घोड्यांचा तबेला. तीत क्लॅरिनेट कोंबड्यासारखे आरवे, कॉर्नेट घोड्यासारखे खिंकाळे आणि ट्रॉम्बोन गाईसारखे हंबरे. श्रोते या गमतीवर लुब्ध झाले व तबकडी धडाक्याने खपली.

वादाचे मूळ नावातच होते. स्वामित्वहक्काची नोंद 'बार्नयार्ड ब्लूज' या नावाने झाली. तबकडीवर मात्र 'लिव्हरी स्टेबल ब्लूज' असे छापले गेले. ही फट शिकागोचे प्रकाशक रॉजर ग्रॅहम यांनी अचूक हेरली. बँडमधून पूर्वीच बाहेर पडलेले क्लॅरिनेटवादक अल्साइड नुन्येझ आणि कॉर्नेटवादक रे लोपेझ यांची नावे घालून त्यांनी तीच चाल तबकडीवरील नावाने प्रसिद्ध केली. बँडचे कॉर्नेटवादक निक लारोका व त्यांचे सहकारी खवळले, आणि प्रकरण शिकागोच्या फेडरल न्यायालयात गेले.

ऑक्टोबर १९१७ मध्ये न्यायाधीश जॉर्ज कार्पेंटर यांनी दोन्ही पक्षांचे दावे फेटाळले. लोकांना भुलविणाऱ्या पशुपक्ष्यांच्या आवाजांवर कोणीच हक्क सांगितलेला नाही, दावा केवळ चालीवर आहे, हे त्यांनी नोंदविले. लारोका आणि नुन्येझ या दोघांनाही स्वरलिपी अवगत नव्हती. त्यांनी आधीच्याच कोणत्या तरी रचनेतील स्वरविषय उचलला, असा त्यांचा निष्कर्ष होता. चाल कोणाचीच ठरली नाही. म्हणजेच ती सर्वांची झाली.

तबकडीची दुसरी बाजू या निर्णयाशेजारी ठेवून पाहावी. तेथील 'वन-स्टेप' चालीच्या एका भागात जो जॉर्डन या कृष्णवर्णीय रचनाकाराच्या १९०९ मधील 'दॅट टीझिन रॅग'चे सूर उमटले होते. जॉर्डनची रचना रीतसर छापलेली होती. त्यामुळे पुढील प्रतींच्या लेबलावर तिचा व तिच्या कर्त्याचा निर्देश करणे कंपनीस भाग पडले. एकाच तबकडीच्या एका बाजूला कर्ता सापडला, दुसरीला सापडला नाही. कारण एकीकडे कागद होता आणि दुसरीकडे केवळ कान.

लारोका १९६१ साली मृत्यू पावले. जॅझ हे गोऱ्यांचेच अपत्य, हा हट्ट त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. परंतु ज्या न्यू ऑर्लिन्सहून ते आले होते, तेथे त्यांच्याआधी बडी बोल्डन या कृष्णवर्णीय वादकाचे कॉर्नेट गाजत होते. १९०७ मध्ये बोल्डनला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले आणि १९३१ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. त्याच्या वादनाचा एकही मुद्रित सूर आज उपलब्ध नाही.

इतिहासकाराने येथेच सावध राहावयास हवे. कर्ण्यासमोर प्रथम कोण उभा राहिला, हे तबकडी निःसंशय सांगते; चाल प्रथम कोणाच्या ओठांवर आली, याविषयी ती मुकीच असते. जतन झालेल्या पुराव्यालाच आरंभ मानले, तर ज्यांचा पुरावा कोणी जतनच केला नाही, त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो.