पदराची गाठ आणि चार आकडे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा आग्रह कार्यवाह बाईंनी धरला, तेव्हा मी विचारात पडले. पाककृती लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मी ठरवले की, बायकांच्या पैशाला जे कुलूप असते त्याचा थोडा इतिहास सांगावा. कारण त्या कुलपापायी मी एकदा चांगलीच ठेच खाल्ली आहे.

माझ्या सासूबाईंचे कुलूप म्हणजे पदराची गाठ आणि उतरंडीतले खालून दुसरे मडके. त्यांच्या तरुणपणी आपल्या भागात निजामाचा हाली रुपया चाले. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले, तरी पुढे काही वर्षे हाली आणि कलदार अशी दोन्ही नाणी बाजारात होती. सात हालींस सहा कलदार हा हिशेब सासूबाई तोंडी चोख करीत. पण कागद पुढे आला की अंगठा! तो चारचौघांत उठवायचा, आणि कागदात काय आहे ते दुसऱ्याने वाचून सांगायचे. म्हणजे पैसा तिचा, गुपित मात्र सर्वांचे.

१९४२ साली हैदराबाद संस्थानाची स्वतःची बँक सुरू झाली. पुढे तीच स्टेट बँक ऑफ हैदराबाद म्हणून मराठवाड्यात घरोघरी ठाऊक झाली, आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पण त्या काळी बँकेची पायरी चढणे हे पुरुषांचेच काम समजले जाई.

आता ज्याला आपण पिन म्हणतो, त्या गुप्त आकड्याची गोष्ट ऐका. स्कॉटलंडचे इंजिनिअर जेम्स गुडफेलो यांनी १९६६ साली अशा आकड्याच्या यंत्राचे पेटंट मागितले. पुढच्याच वर्षी, २७ जून १९६७ रोजी, लंडनजवळ एन्फिल्ड येथे पैसे देणारे यंत्र उभे राहिले. ते करणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या देशातल्या शिलाँगचा. ते सांगत की, आकडा सहा अंकी ठेवावा असे त्यांच्या मनात होते; पण स्वयंपाकघरात बसून पत्नीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, माझ्या ध्यानात चारच राहतात. म्हणून चार! अशा रीतीने एका गृहिणीचा शब्द जगभर चालला.

आपल्या देशात असे यंत्र मुंबईस १९८७ साली आले. त्यानंतर दुकानांतही कार्ड चालू लागले. आरंभी कार्ड यंत्रातून ओढायचे आणि चिठ्ठीवर सही करायची, एवढेच असे. सही नीट ताडून कोण पाहतो! म्हणून रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेने डिसेंबर २०१३ पासून दुकानात डेबिट कार्डास पिन सक्तीचा झाला. पाठोपाठ २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना निघाली, आणि खात्यासोबत रुपे कार्ड कितीतरी बायकांच्या हाती आले. अंगठा उठवणारीलाही स्वतःचे असे एक गुपित प्रथमच मिळाले.

माझी चूक इथेच झाली. २०१९ साली मी पिन कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून कार्डासोबतच बटव्यात ठेवला होता. वसमतच्या बाजाराहून परतताना बटवा पडला. घरी काय सांगू, या भयाने मी दोन दिवस गप्प राहिले. पहिल्या दिवशी पाच हजार गेले, दुसऱ्या दिवशी चार. हळद निंदून साठवलेले पैसे होते ते. बँकेत गेले तेव्हा नियम कळला: आकडा आपल्याच हलगर्जीने उघड झाला, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान आपले, कळविल्यानंतरचे बँकेचे. पहिले पाच हजार माझ्या चुकीचे, पण पुढचे चार हजार माझ्या भीतीचे होते!

आता तर कुलूप आणखी सैल झाले आहे. ज्या कार्डावर लाटांसारखी खूण असते, ते यंत्राजवळ नुसते धरले तरी पैसे जातात. २०१५ साली ही सवलत दोन हजारांपर्यंत होती. १ जानेवारी २०२१ पासून ती पाच हजारांपर्यंत झाली. त्यावर रक्कम गेली की पिन लागतोच. रांगेत सोय होते खरी, परंतु कार्ड हरवले तर सापडणाऱ्याचीही तीच सोय! ज्यांना ही सवलत नको, त्यांनी बँकेत सांगून ती बंद करून घ्यावी.

दुकानातला मुलगा अगदी अदबीने म्हणतो, “काकू, पिन सांगा, मी दाबतो.” त्याचे मन शुद्धही असेल, पण आकडा आपणच दाबावा, आणि दुसरा हात वर आडवा धरावा. मुलाला, सुनेला सांगायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र मागितला म्हणून सांगू नये.

आणि भगिनींनो, कार्ड हरवलेच, तर आधी बँकेला कळवा. घरची बोलणी मागाहून खा. सासूबाई पदराची गाठ झोपेतही चाचपून पाहत. आपण एवढे चार आकडे मनाच्या गाठीला बांधून ठेवू, तर पुष्कळ झाले.