सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट



जी गोष्ट सर्वांस आधींच ठाऊक आहे ती उघड बोलून दाखविली, तर कोणाच्या ज्ञानांत काय भर पडणार? तर्कशास्त्राच्या अर्वाचीन इतिहासानें या प्रश्नाचें उत्तर दिलें आहे.

१९६२ सालीं फिनलंडचे तत्त्वज्ञ याक्को हिंटिक्का यांनीं ‘नॉलेज अँड बिलीफ’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून ज्ञानविषयक विधानांचे नियम बांधले. मनुष्यास जितक्या परिस्थिति संभवनीय वाटतात त्या सर्वांत जें खरें, तें त्यास ठाऊक, अशी त्यांची कल्पना. पण हें चित्र स्थिर होतें. नवी माहिती कानीं पडतांच तें कसें पालटतें, याचें गणित १९८९ सालीं यान प्लाझा यांनीं मांडलें. जाहीर घोषणा होतांच तिच्याशीं विसंगत अशा साऱ्या शक्यता पुसून टाकावयाच्या, हा त्यांतला मुख्य नियम. १९९८ सालीं बाल्टाग, मॉस व सोलेकी यांनीं हीच रीत खाजगी कुजबुजीपर्यंत नेली.

एक जुनें कोडें घ्या. दोन मुलांच्या कपाळास चिखल लागला आहे. प्रत्येकास फक्त दुसऱ्याचें कपाळ दिसतें. गुरुजी म्हणतात, “तुमच्यांपैकीं एकाच्या तरी कपाळास चिखल आहे.” हें दोघांसहि ठाऊकच होतें. “स्वतःचें कोणास कळलें?” दोघेहि गप्प. गुरुजी पुन्हां विचारतात, आणि दोघेहि एकदम हात वर करतात! कारण प्रत्येकानें ताडलें कीं, ‘माझें कपाळ स्वच्छ असतें, तर तो पहिल्यांदाच बोलला असता.’ त्या घोषणेनें नवी गोष्ट कळली ती एवढीच कीं, दुसऱ्यासहि तें ठाऊक आहे.

हें वाचतांना मला माझ्या वर्गांतील एक मुलगा आठवला. त्याची फी माफ झाल्याचें साऱ्या वर्गास ठाऊक होतें. परंतु कोणी बोलत नसे. एके दिवशीं त्याचें कौतुक करण्याच्या भरांत मीं तें सर्वांसमक्ष बोलून गेलों. त्या दिवसापासून तो मागच्या बाकावर बसूं लागला. मीं नवें कांहींच सांगितलें नव्हतें, असें मी अनेक वर्षें स्वतःस समजावीत आलों. आतां कळतें कीं, ‘इतरांस ठाऊक नसेल’ हा त्याचा एवढासा आडोसा होता, आणि तो माझ्या एका वाक्यानें नाहींसा झाला.