आयोवातील ग्रामीण शाळा आणि मुलींचे बास्केटबॉल

अमेरिकेतील आयोवा राज्यात मुलींच्या शालेय बास्केटबॉलची पहिली राज्यस्तरीय स्पर्धा १९२० मध्ये झाली. मात्र जाहीर सामने मुलींच्या प्रकृतीस व शालीनतेस बाधक ठरतात, असे मत तत्कालीन शिक्षणक्षेत्रात प्रबळ होते. १९२५ मध्ये राज्याच्या शालेय क्रीडासंघटनेने या स्पर्धेतून अंग काढून घेतले. तेव्हा पंचवीस शाळांच्या, त्याही मुख्यतः खेड्यांतील, प्रतिनिधींनी मुलींसाठी स्वतंत्र संघटना उभारली. मोठ्या शहरांतील शाळा दीर्घकाळ बहुतांशी तिच्यापासून दूरच राहिल्या. सुधारणेचा उगम शहरातच शोधण्याची अभ्यासकांची सवय येथे निरुपयोगी ठरते.

हा खेळ सहा जणींचा होता. तीन आक्रमक, तीन बचावपटू. मध्यरेषा ओलांडण्यास मनाई. चेंडू दोनदाच आपटण्याची मुभा. स्त्रीच्या कथित दुर्बलतेतून आलेल्या या नियमांनीच खेळ वेगवान केला, हा विरोधाभास लक्षणीय आहे. १९६८ च्या अंतिम सामन्यात युनियन-व्हिटन शाळेने जादा वेळेत एव्हर्लीवर ११३-१०७ अशी मात केली. विजयी संघाच्या डेनिस लाँगने ६४ गुण मिळवले, तर पराभूत संघाच्या जीनेट ओल्सनने ७६!

१९७२ च्या समानताविषयक संघीय कायद्यानंतर वाद उभा राहिला. बचावपटू मुलीला गुण मिळवण्याची संधीच नसे. महाविद्यालयीन खेळ पाच जणींचा असल्याने शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत ती मागे पडे. हा आक्षेप न्याय्यच होता. १९८५ मध्ये पाच जणींच्या खेळाची स्वतंत्र राज्यस्पर्धा सुरू झाली आणि १९९३ मध्ये सहा जणींची अखेरची स्पर्धा खेळली गेली.