व्हाउचर नसलेल्या १७५ धावा

क्रिकेटच्या इतिहासात एक नोंद अशी आहे, की आमच्या शाखेतल्या एकाही ऑफिसरने ती पास केली नसती. तारीख १८ जून १९८३, गाव टनब्रिज वेल्स, झिंबाब्वेविरुद्ध भारत ५ बाद १७, आणि तिथून कपिल देव नाबाद १७५! चेंडू १३८, षटकार ६, किरमाणीबरोबर १२६ धावांची अभेद्य भागी. स्कोअरबुकात पै न् पै जुळते; फक्त व्हाउचर, म्हणजे चित्रफीत, नाही. त्या दिवशी विश्वचषकाचे चार सामने एकदम होते आणि इथे कॅमेराच नव्हता. बीबीसीचा संप होता असं काहीजण सांगतात. असेलही. पण इंग्लंडमध्ये त्या दिवशी भारत-झिंबाब्वे बघणार होतं कोण?

(मुलुंडमध्ये मात्र दर सोसायटीत निदान दोन काका ती खेळी टीव्हीवर पाहिल्याचं शपथेवर सांगतात. अँटेना फिरवायला गच्चीवर कोण गेलं होतं, हेसुद्धा!)

हल्ली झिंबाब्वे-आयर्लंडचा सामना लावावा, चित्र अडखळावं, की आपण लगेच म्हणतो, "यांना साधं प्रक्षेपण जमत नाही!" अहो, आपलं तरी काय होतं? विश्वचषक जिंकलेल्या पोरांना बक्षीस द्यायला मंडळाच्या तिजोरीत पैसे नव्हते. शेवटी दिल्लीत लताबाई गायल्या, तेव्हा कुठे प्रत्येकाच्या हातात एक लाख पडले.

पुढे १९९३ च्या हिरो कपला तर कमालच झाली. सामना दाखवायचा तर मंडळींनीच सामन्यामागे ५ लाख द्यावेत, असं दूरदर्शनचं म्हणणं. म्हणजे ठेव ठेवायची आपण आणि व्याजही भरायचं आपणच! बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनी गाठली, तर तिचे कॅमेरे कस्टम्समध्ये अडकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला न्या. पी. बी. सावंतांच्या पीठाने निकाल दिला, की प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. आपल्या मंडळाचं नशीब उघडलं ते इथून. बॅटीइतकंच वकिलांच्या काळ्या कोटाने.

आज आयसीसीच्या उत्पन्नात साडेअडतीस टक्के वाटा आपला. तिकडे २०२५ साली आयर्लंडने पैशांअभावी अफगाणिस्तानबरोबरची मालिकाच रद्द केली. शिल्लक तपासताना आपण आपलंच पासबुक बघतो, दुसऱ्याचं नाही.

टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेचाही एक माणूस झुंजला होता. केविन करन. तीन बळी घेतले, मग एकट्याने ७३ धावा काढून आपल्याला घाम फोडला. तो २०१२ साली वारला. त्याच्या सॅम या मुलाला २०२३ च्या आयपीएलसाठी साडेअठरा कोटी मिळाले; त्याचा चेंडू न् चेंडू कॅमेरे टिपतात. बापाचे ७३ मात्र त्यालाही स्कोअरबुकातच वाचावे लागतात.